सोफ्यातला खळगा

बसा, मित्रांनो, पण जरा कडेला. मी एक जुना, हिरवा, दोघांपुरता सोफा आहे आणि माझ्या मधल्या स्प्रिंगने केव्हाच मान टाकली आहे.

एका सुताराने माझा सांगाडा ठोकला, माझे लाकडी हात घासून गुळगुळीत केले आणि मला कॉफीच्या एका दुकानात पोचवलं. नव्या नवलाईच्या दिवसांत माझ्यावर बसायला गिऱ्हाइकं ताटकळत उभी राहायची. मग मधोमध खळगा पडला आणि मालकाने मला कोपऱ्यात सरकवलं. मला फार वाईट वाटलं. पण कोपरा निवांत, त्यामुळे फोनवरच्या जोड्या जुळवणाऱ्या साइटवर भेटलेली माणसं तिथेच येऊ लागली. साइट म्हणे प्रश्न विचारते आणि इतके इतके टक्के जुळतं असं सांगते. टक्क्यांतलं मला काही कळत नाही. माझा खळगा मात्र दोघांनाही मध्ये ओढतो आणि ज्यांचं जमणार नसतं, ते माझे हात घट्ट धरून बसतात.

एक नर्स वरचेवर यायची. तिच्या शिवणकाम करणाऱ्या मावशीने तिला लहानाची मोठी केलं होतं. कोणीही समोर असो, ती माझा डावा हात सोडायची नाही. एकदा ती फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "मुलं बरी असतात गं. पण मी लग्न करून गेले की मावशी एकटी पडेल. दिवसभर बोलणार कोणाशी?" ते ऐकून माझा जीव गलबलला.

भाची कोणालाच हो म्हणेना, तेव्हा मावशीने तिचा फोन घेतला आणि साइटवरची सगळी उत्तरं स्वतःच भरून टाकली. साइटने एक बसचालक शोधून दिला. अठ्ठ्याण्णव टक्के! मावशी भाचीबरोबर आली. बसचालकाबरोबर त्याचे काका आले. ते घड्याळं दुरुस्त करायचे, काकू गेल्यापासून एकटेच होते. मोठी माणसं समोरच्या खुर्च्यांवर बसली, तरुण माझ्यावर.

"तुम्हाला जुन्या रेडिओचं वेड आहे ना?" बसचालकाने विचारलं.

"मला? छे. तुम्ही पहाटे बागेत काम करता म्हणे?"

"पहाटे मी बसवर असतो हो."

दोघांनी एकदमच समोर पाहिलं. काकांनी खाली मान घातली. "तुला ड्युटीमुळे वेळ कुठे होता? म्हटलं, तुझी उत्तरं आपणच भरावी."

"मी तुझंच लिहायला बसले होते," मावशी भाचीला म्हणाली. "पण प्रश्न वाचला की आपल्याच मनातलं उत्तर येतं, त्याला मी काय करू?"

तरुण दोघं पोट धरधरून हसली. त्यांनी मोठ्यांना बळेबळे माझ्यावर बसवलं आणि ती कॉफी आणायला गेली.

"कुठला रेडिओ आहे तुमचा?" काकांनी विचारलं.

"लाकडी आहे, मोठा. नुसता खरखरतो."

"खरखरतोय ना? मग जीव आहे त्याच्यात. आणा एकदा."

बोलता बोलता दोघंही खळग्यात घसरली आणि माझे हात धरायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही. नर्सने ते दुरून पाहिलं. कॉफी पार गार होईपर्यंत ती परत आलीच नाही.

पुढे मालक मला मोडीत काढणार होता, तेव्हा काकांनी मला मावशीबरोबर थाटलेल्या नव्या घरी आणलं. ते स्प्रिंग बदलायला निघाले, तर मावशी म्हणाली, "राहू द्या हो तो खळगा."

मित्रांनो, मी आता सुखात आहे. एवढंच मागतो, जुन्या सोफ्यावर उड्या मारू नका आणि दुसऱ्याच्या मनाची उत्तरं आपण भरू नका. साइट बिचारी दिलेल्या उत्तरांनाच जुळवते.

काल नर्स घरी आली होती. माझ्यावर बसून ती फोनवर काही लिहीत होती. मावशी चष्मा लावून वाकली, "अगं, इथे असं लिही ना."

"मावशी," ती हसून म्हणाली, "या वेळी मी भरते."

आणि ती माझ्या मधोमध बसली होती, खळग्यात, दोन्ही हात मोकळे सोडून.