सोळाव्या होलवरचा नमस्कार

गोल्फ म्हणजे पैसेवाल्यांनी गवत तुडवायचं निमित्त, असं माझं वर्षानुवर्षं मत होतं. आमच्या ह्यांना, म्हणजे डॉक्टर मोरेश्वरांना, रिटायर झाल्यावर त्याचं वेड लागलं आणि हौसेला मोल नसतं म्हणून मी गप्प बसले. क्लबातले लोक त्यांना 'मोरी' म्हणतात. आयुष्यभर लोकांची हृदयं तपासलेल्या माणसाला मोरी म्हणवून घेताना काहीच कसं वाटत नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

त्याच क्लबामुळे स्वेन्या आमच्याकडे उतरायला लागली. दर सप्टेंबरात इथे अमेरिकेत, आमच्या ईडन प्रेरी गावाजवळ, बायकांच्या दुसऱ्या फळीच्या टूरची, म्हणजे गावोगाव होणाऱ्या स्पर्धांच्या मालिकेतली, एक स्पर्धा असते. वरच्या टूरवरच्या बायका हॉटेलात राहतात, ह्या मुली गावातल्या कुणाच्या तरी घरी. आमची मुलं कधीच पांगली आणि बेसमेंट रिकामंच, म्हणून आम्ही नाव दिलं. आली ती कासेलजवळच्या गावची, उंच, कमी बोलणारी, तिशी ओलांडलेली जर्मन मुलगी. पहिल्या वर्षी तिने माझं थालीपीठ काट्या-सुरीने खाल्लं. यंदा, तिसऱ्या वर्षी, हाताने आणि वर लोणचं मागून.

तिची हकीगत मला तुकड्यातुकड्याने कळली. शाळा संपताच ती जर्मनीतल्या हौशी खेळाडूंत पहिली आली होती. मग अमेरिकेत कॉलेजची स्कॉलरशिप, मग दोन वर्षं वरच्या टूरवर. मग मनगटाचं ऑपरेशन झालं आणि ती खाली आली ती खालीच राहिली. दर वर्षी म्हणायची, अजून एक वर्ष बघते. यंदा मात्र आल्या आल्या किचनमध्येच सांगून टाकलं, "ही सीझनची शेवटची टूर्नामेंट. इथे कट पार केला तर टूरवर खेळायचं कार्ड राहील. नाही तर कार्ड गेलं, व्हिसा गेला, आणि मी भावाच्या टायरच्या दुकानात."

कट म्हणजे दोन दिवस खेळून झालं की निम्म्या मुलींना नारळ. आणि व्हिसा गेला म्हणजे काय, हे आमच्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. मी देवापुढे दिवा लावला.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या कॅडीची कंबर धरली. ऐन वेळी दुसरा मिळेना. आमचे डॉक्टर तर बूट घालून तयारच होते.

"कॅडीची कामं तीन," ती त्यांना म्हणाली. "बॅग ओढायची, वेळेवर पोचायचं आणि तोंड बंद ठेवायचं."

"तिसरं जमायचं नाही," मी म्हटलं.

पण जमलं. माणूस दिवसभर मूग गिळून चालत होता. मी प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या बाहेरून बरोबर होते. पंधरा होल झाले तेव्हा स्वेन्या नेमकी कटच्या रेषेवर होती. आत होती, पण एकही फटका वाया घालवायची सोय नव्हती. मी बोटांवर तिचे फटके मोजत होते, आणि तेही गोल्फचे, याचं माझं मलाच नवल वाटत होतं.

सोळाव्या होलवर तिचा बॉल कडेच्या उंच गवतात गेला. सापडला लगेच. डॉक्टरांनी बॅगेची गाडी शेजारी आणून लावली आणि वळताना त्यांच्या बुटाचं टोक बॉलला लागलं. बॉल हललासुद्धा नाही. ते वाकले, दोन बोटं बॉलला लावली आणि छातीशी नेली. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि त्यात मला काहीही वावगं वाटलं नाही. पाय लागला, नमस्कार केला, झालं.

स्वेन्या मात्र थांबली. हातातली काठी तिने परत बॅगेत ठेवली.

"मोरी, तुम्ही बॉलला हात लावलात?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं खेळताहेत, नियम त्यांना पाठ. चुकून पाय लागला आणि बॉल हलला नाही तर माफ. मुद्दाम हात लावला तर एक फटका दंड, कॅडीने लावला तरी. सोबतच्या मुली लांब होत्या. आम्हां दोघींखेरीज कुणीही बघितलं नव्हतं. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, अगं मार ना बॉल. पण तिने हात वर करून नियम बघणाऱ्या बाईंना बोलावलं.

बाई गाडीतून आल्या. "पाय चुकून लागला," डॉक्टर म्हणाले.

"आणि हात?"

"हातही चुकूनच."

मरणाच्या दारातल्या पेशंटशीही हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता. बाईंनी स्वेन्याकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "त्यांनी मुद्दाम लावला. मी पाहिलं."

एक फटका वाढला. सतरावा होल नीट गेला. अठराव्यावर, शेवटच्या होलवर, तो फटका भरून काढायची संधी होती; बॉल भोकाच्या काठावरून फिरला आणि बाहेर राहिला. ती एका फटक्याने बाहेर गेली.

घरी आल्यावर डॉक्टर बूट न काढताच डायनिंग टेबलाशी बसले. "तिचं पोट आहे गं त्या बॉलवर," ते म्हणाले. "त्याला पाय लागला. हात आपोआप गेला." मला त्यांच्यावर खूप ओरडायचं होतं. पण काय म्हणून ओरडू? पाय लागला की नमस्कार कर, हे मीच माझ्या पोरांना कानीकपाळी ओरडून शिकवलंय. रागवायला कुणी सापडेना, आणि करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी चहा टाकला, तोही कुणी प्यायलं नाही.

थोड्या वेळाने स्वेन्या बेसमेंटमधून वर आली. डोळे लाल, हातात फोन. "माझे वडील," ती म्हणाली. "स्कोअर बघत जागेच होते. त्यांना तुमच्याशी बोलायचंय."

डॉक्टरांनी फोन कानाला लावला. म्हाताऱ्याचा आवाज इतका मोठा होता की मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"डॉक्टर? माय डॉटर से, नंबर सिक्स्टीन शी हिट बॅड. हर मिस्टेक. बट शी से, यू व्हेरी गुड कॅडी. लास्ट डे, शी नॉट अलोन. थँक यू, डॉक्टर."

डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ उघडले. समोर उभी राहून ती फक्त मान हलवत होती, नको म्हणून.

"यू आर वेलकम," ते म्हणाले. दुसरं काही बोलायला तिने त्यांना जागाच ठेवली नव्हती.