पूजेला बसवलेलं मशीन

आमच्या महाळुंगे पडवळमध्ये एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. रखमाजीकडे, म्हणजे माझ्याकडे, खंडेनवमीला अवजार मागायला जायचं नाही. तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी शेजारच्या सोपानची ट्रॉली ओढ्यात रुतली, तो पहार मागायला आला, आणि मी त्याला चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवला. पहार पूजेत होती. वर्षभर जे आपल्यासाठी राबतं त्याला एक दिवस बसू द्यायला नको? हळदकुंकू लागलं की दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हा वडिलांपासूनचा नेम, आणि नेम म्हटला की मी हट्टी. सोपान अजून माझ्याशी तिरका बोलतो. बोलू दे.

हे आधी सांगितलं, कारण यंदा जो घोटाळा झाला तो याच नेमापायी.

माझी सून अक्षदा डिंभ्याच्या शाळेत संगणक शिकवते. मुलगा सूरज चाकणला कंपनीत आहे, तो शनिवार-रविवारी येतो. अक्षदा रोज एसटीने जाते-येते. डिंभ्याच्या वरच्या अंगाला गाडीचा भरवसा नसतो. कधी दरड येते, कधी टायर बसतो, कधी रस्त्यात म्हशीच बसतात. त्यात ड्रायव्हरचा काय दोष? पण वरच्या वाड्यांतून रस्त्याला यायला माणसाला तासभर उतरावं लागतं, आणि उतरल्यावर कळतं की गाडी गेली, नाहीतर आलीच नाही. अक्षदाने हे पाहिलं आणि एक वेबसाइट केली. प्रत्येक थांब्यावर तिने एकेक माणूस धरला, कुठे चहावाला, कुठे गिरणीवाली. गाडी दिसली की ते मोबाइलवर बटण दाबतात, आणि कोणालाही आपल्या घरात बसून दिसतं की गाडी कुठे आहे. ना जाहिरात, ना कोणाचं नाव-गाव विचारणं.

ही वेबसाइट राहते कुठे, तर आमच्या मधल्या खोलीत. मंचरला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला, तिथलं जुनं मशीन तिने आणलं आणि इन्व्हर्टरशेजारच्या फळीवर ठेवलं. मी कुरकुर केली. म्हटलं, "असलं समदं मोठ्या कंपनीकडं भाड्यानं ठिवत्यात म्हणं. आपल्या घरात कशाला ही भुणभुण?"

ती म्हणाली, "मामा, भाड्याच्या रानात तुम्ही कधी आंबा लावला का?"

यावर शेतकरी माणूस काय बोलणार? 

घरात ठेवायचे धोके कमी नव्हते. लाईट गेली की इन्व्हर्टर तीन तास ओढायचा, पुढे देवाची मर्जी. उसाच्या ट्रकने एकदा खांबावरची केबल तोडली. एकदा मशीनमध्ये पाल शिरून मेली. आणि चोर. त्याचं मला सगळ्यात नवल वाटलं. जगाच्या कुठल्या कुठल्या टोकाची माणसं इंटरनेटवरून दिवसरात्र आमच्या मशीनचं कुलूप हलवून बघतात, ज्यांना महाळुंगे कुठल्या दिशेला आहे तेही माहीत नसणार. अक्षदा सकाळी चहा घेताना त्याची यादी बघायची.

मी विचारायचो, "काल किती आलं?"

"साडेचारशे."

"आन् आत?"

"एक पण नाही, मामा."

त्या दिवसाचा चहा मला जास्त गोड लागायचा. हळूहळू मी घरी येणाऱ्या पाहुण्याला आधी ती फळी दाखवायला लागलो. साळुबाई, म्हणजे आमची मंडळी, म्हणायची, "मशीन आणलं सुनंनं, आन् मिशी ह्यांची वर." होती वर. खोटं कशाला सांगू?

यंदा तालुक्यानेही ते मनावर घेतलं. प्रत्येक थांब्यावर पाटी लावायची आणि तिच्यावर वेबसाइटचा पत्ता लिहायचा, असा विषय निघाला. पाटी लागली म्हणजे ज्यांना अक्षदा कोण हे ठाऊक नाही, त्यांनाही गाडी कळणार. त्यासाठी घोडेगावला बैठक ठरली, ती नेमकी खंडेनवमीला. बाळासाहेब नावाचे पंचायत समितीचे एक सभासद आधीपासून म्हणत होते, की घरातल्या मशीनवर लोकांनी विसंबायचं म्हणजे लोकांची फजिती. अक्षदाला तिथे ती वेबसाइट सर्वांसमोर चालवून दाखवायची होती. तिच्या दोन वर्षांच्या मेहनतीचा निकाल त्या अर्ध्या तासात लागणार होता.

सकाळी ती निघाली तेव्हा मी म्हटलं, "काळजी करू नगंस. घरचं मी बघतो."

आणि मी बघितलं. अंगणात नांगराचा फाळ, कोयते, खुरपी, पहार, फवारणीचा पंप असं सगळं ओळीने मांडलं. ट्रॅक्टर आणि मोटरसायकल धुऊन हार घातले. मग कापूर आणायला मधल्या खोलीत गेलो आणि फळीवरचं मशीन दिसलं. मला वाटलं, हे ओळीत नाही असं कसं चालेल? यंदा घरात ह्याच्याइतकं कोण राबलं? मनात दुसरं काही नव्हतं, नुसता मान होता. बटण दाबून बंद केलं. मोटरीच्या वायरी सोडताना खूण करायची सवय, म्हणून प्रत्येक वायरीला आणि तिच्या जागेला हळदीचे ठिपके लावले, एकीला एक, दुसरीला दोन. ओल्या फडक्याने पुसलं, फाळाशेजारी पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. लांब उभा राहून पाहिलं तर डोळ्यांत पाणी आलं. आमच्या वडिलांच्या फाळाशेजारी आमच्या सुनेचं मशीन.

सव्वाअकराला फोन वाजला. वरच्या वाडीची झुंबरबाई होती. "भाऊ, तुमची येबसाइट उघडत नाय आज. ह्यांना डोळं दाखवाय मंचरला न्यायचंय. आमी खाली उतरायचं का नाय?"

"बघून सांगतो," म्हणून ठेवला, तोच अक्षदाचा आला. आवाज दबका. "मामा, लाईट गेलीय का?"

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. "लाईट हाय," मी म्हटलं.

"मग मशीन?"

"पूजंला बसवलंय."

"पूजेला?" तिने विचारलं, ते तिथे ऐकू गेलं असावं. तिच्या मागून बाळासाहेबांचा आवाज आला, "घरातलं मशीन म्हंजी असंच असतं राव. आज पूजा, उद्या बारसं." मग अक्षदा एवढंच म्हणाली, "बरं, मामा," आणि फोन बंद झाला. ती ओरडली असती तर मीही चार शब्द ओरडलो असतो. त्या 'बरं'पुढे माझं काही चालेना.

मी अंगणात आलो. चाळीस वर्षांत दसऱ्याआधी मी त्या ओळीतलं खुरपंसुद्धा उचललं नव्हतं. समोरच्या ओट्यावर सोपान बसलेला, डोळे माझ्याकडेच. मी खांबासारखा उभा.

आत साळुबाई घटापुढच्या दिव्यात तेल घालत होती. तिला सगळं सांगितलं. हातातली वाटी खाली न ठेवता ती म्हणाली, "ह्यो दिवा बी पूजंतच हाय न्हवं? मग त्याला इसावा म्हणून आपण इझवतो व्हय? नऊ दिस मी त्याला जपती. ज्याच्यावर लोकांची वाट हाय, त्याला चालू ठिवायचं, हीच त्याची पूजा."

जन्मभर नेम मी पाळला, आणि नेमाचा अर्थ मात्र हिला कळत होता. मी बाहेर येऊन मशीन उचललं.

"काय रखमाभाऊ, नेम मोडला?" सोपान ओट्यावरून म्हणाला.

"व्हय, मोडला. आन् तुझ्या ट्रॉलीच्या वक्ताला बी मोडायला पायजे व्हता. चुकलं माझं."

सोपान ओट्यावरून उठून उभा राहिला. पण मला थांबायला वेळ नव्हता. ठिपके जुळवून वायरी बसवल्या, बटण दाबलं. साळुबाईच्या मोबाइलवर वेबसाइट उघडेना. एक मिनिट, दोन, तीन. पालीने गेलं नाही ते मशीन माझ्या ओल्या फडक्याने गेलं की काय, या विचाराने घाम फुटला. चौथ्या मिनिटाला वेबसाइट उघडली. थोड्याच वेळात डिंभ्याच्या चहावाल्याने बटण दाबलं आणि गाडी दिसली. मी झुंबरबाईला फोन लावला. "उतरा खाली. गाडी आत्ता डिंभ्यातनं वर निघालीय, ती माघारी येईस्तोवर तुमी पोचता."

मग मोटरसायकल काढली. तिलाही हार होता, पण एक मोडल्यावर दुसरं मोडायला काय जड? घोडेगावला पोचलो तेव्हा बैठकीत चहा चालला होता. मी सरळ तालुक्याच्या साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिलो.

"साहेब, मशीन बंद पडलं न्हवतं, म्या बंद केलं व्हतं. सुनंची चूक न्हाई, मशीनची बी न्हाई. तिला इचारायला पायजे व्हतं, म्या इचारलं न्हाई. आता चालू हाय, बघा."

दोघे-तिघे हसले. बाळासाहेब म्हणाले, "आन् पुढच्या खंडेनवमीला?"

"चालू मशीनलाच हात जोडीन. ते बी लांबनं."

साहेब हसले नाहीत. त्यांनी अक्षदाला विचारलं, "मॅडम, घरातलाच माणूस असं करत असेल तर आम्ही पाटी कशी लावायची?"

अक्षदाने आपला मोबाइल त्यांच्यापुढे ठेवला. "सर, तास-दीड तास बंद होतं, तेवढ्यात मला चाळीस फोन आले. लोक आधीच विसंबून आहेत. बाहेरच्या चोरांचा बंदोबस्त मी केला होता, घरातल्या मायेचा नव्हता केला, ती चूक माझी. शाळेत दुसरं मशीन ठेवते, एक बंद झालं तर दुसरं चालेल. पण पहिलं घरीच राहील."

साहेबांनी मोबाइल हातात घेतला आणि आलेल्या फोनच्या यादीतलं एकेक नाव आणि त्यापुढचं गाव वरपासून खालपर्यंत वाचलं. त्यातली निम्मी गावं त्यांनीही पाहिली नसावीत. वाचून झाल्यावर त्यांनी कारकुनाला पाट्यांच्या मंजुरीचा कागद काढायला सांगितला. बाळासाहेबांनी चहा संपवला.

कागदावर एक रकाना होता, घरच्या मशीनची देखरेख कोणाकडे. कारकुनाने तिच्या नवऱ्याचं नाव विचारलं. अक्षदा म्हणाली, "रखमाजी लिहा. दिवसभर घरी तेच असतात."

"ज्यांनी बंद केलं, त्यांचंच?"

"हो, त्यांचंच. बंद केलं ते त्यांनी, पण स्वतः परत चालू करून, इथपर्यंत येऊन चारचौघांत सांगितलं तेही त्यांनीच. असा माणूस मी दुसरा कुठून आणू?"

मी पेन घेतलं. सही वाकडी आली. सणावाराला सुनेने सासऱ्याच्या पाया पडायचं, एवढीच रीत मला माहीत. पण त्या दिवशी भरल्या बैठकीत मी माझ्या सुनेला हात जोडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.