औषधाचा ड्रॉपर आणि आईचा रुमाल

मित्रांनो, मी एक जुना ड्रॉपर आहे. काचेची नळी आणि वर रबराची टोपी, एवढाच माझा संसार. पण केस उगवायच्या औषधाच्या बाटलीत मी राहिलोय, तेव्हा थोडा ताठा चालायचाच.

कारखान्यातून निघालो तो ताईच्या हाती आलो. ताई तिकीटखिडकीवर बसते. तिचा भांग रुंद होत चालला होता आणि समोर उभा राहणारा प्रत्येकजण वरून तेवढंच बघतो, असं तिला वाटायचं. खिडकी सोडून मागच्या खोलीतलं काम मागायचं तिने जवळजवळ ठरवलंच होतं. शेवटचा उपाय म्हणून मला आणलं.

सुरुवातीला ती औषध केसांवरच ओतायची. केसांना काय त्याचं? ते कातडीला लागायला हवं. मग ती शिकली, केस बाजूला करून थेंब सोडू लागली. आणि महिनाभरात केस आणखीच गळायला लागले. "विकतचं टक्कल आणलं मी," म्हणत तिने मला बाटलीसकट केराच्या डब्यात टाकलं. मला फार लागलं ते. पी हळद अन् हो गोरी, असं आमचं काम नसतं हो.

मला बाहेर काढलं ताईच्या आईने. ती घरी शिवणकाम करते आणि बारा महिने डोक्याला रुमाल बांधायची. विचारलं तर म्हणायची, सर्दी होते. तिने मला धुतलं, पुसलं आणि ताईला विचारलं, "तुला नको असेल, तर मला चालेल का गं हे?"

"तुला कशाला?"

आईने रुमाल सोडला. तसाच भांग, ताईच्या दुप्पट रुंद. "तुझ्या वयात मला कुणी सांगितलंच नाही, की यावर काही असतं म्हणून."

ताई रडली. दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्या म्हणाल्या, "सुरुवातीला जुने गळतात, मग नवे येतात. मध्येच सोडायचं नाही."

मग रोज संध्याकाळी ताई आईच्या डोक्यात थेंब सोडायची आणि आई ताईच्या. काही महिन्यांनी ताईच्या भांगाकडेने बारीक केस दिसू लागले. आईला जेमतेम लव आली, पण ती तेवढ्यावर खूश आहे. ताई अजून खिडकीवरच बसते.

आता माझं रबर सैल झालंय. नव्या बाटलीत नवा ड्रॉपर आहे आणि मी आईच्या शिलाई मशीनला तेल घालतो. सांडलेलं तेल पुसायला तोच रुमाल असतो.

मित्रांनो, आम्हाला स्वच्छ ठेवा, नेमाने वापरा. आणि फेकायचंच ठरलं, तर आधी घरात विचारून बघा, आणखी कुणाला आम्ही हवे आहोत का.