बाळंतिणीची शेगडी

“बार्बेक्यू आह, अंकल?” दुकानातल्या चिनी आंटींनी विचारलं.

प्रबोधनं मानेनंच नाही म्हटलं. सिंगापुरातल्या बेडोकच्या त्या जुन्या भांड्यांच्या दुकानात तो बराच वेळ दोन वस्तूंसमोर उभा होता. एक मातीची कोळशाची शेगडी आणि एक विजेचा हीटर, कोपऱ्यात धूळ खात पडलेला. बाहेर उन्हानं अंगाची लाही होत होती आणि हा गृहस्थ ऊब विकत घ्यायला निघाला होता! साधा टेबलफॅन घ्यायचा तरी चार दुकानं पालथी घालणारा माणूस. तुआसच्या कंपनीत आयुष्यभर हिशेब तपासून स्वभावच तसा झालेला. पण आज त्याला काही सुधरत नव्हतं. हे काम मुळात त्याचं नव्हतंच. लेकीचं बाळंतपण त्याची बायको मेधा करणार होती, आणि मेधा दोन वर्षांपूर्वीच गेली.

त्यात श्रिया आठव्या महिन्यातच बाळंत झाली. बाळ रडलंच नाही.

काल ती हॉस्पिटलमधून माहेरी आली. त्याआधीच जावयानं, तन्मयनं, पाळणा, दुपटी, टोपडी सगळं मित्राकडे नेऊन ठेवलं होतं. प्रबोधनं शेगडीचं नाव काढताच तो चिडला.

“आता कशाला शेगडी, बाबा? बाळ आहे का घरात? उगाच तिला आठवण!”

प्रबोधनं विषय तिथेच सोडला होता. पण आज सकाळी चहा देताना श्रियाचे हात त्याला गार लागले. पंखा बंद करून, चादर गुंडाळून ती बसली होती. “कंबर तुटतेय, बाबा,” एवढंच म्हणाली. तो पिशवी घेऊन तडक बाहेर पडला.

“हीटर बेटर, अंकल. नो स्मोक,” आंटी म्हणाल्या. “हू इज सिक?”

“माय डॉटर. शी गेव्ह बर्थ.”

“ओह! मस्ट कीप वॉर्म लाह!” आंटींचा चेहरा फुलला. त्यांच्यातही बाळंतिणीला महिनाभर उबेत ठेवतात. “बॉय ऑर गर्ल?”

पुण्याहून किती फोन आले. सगळ्यांनी विसरा म्हणून सांगितलं. हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं.

“गर्ल,” तो म्हणाला, आणि त्याला भडभडून आलं.

हीटरनं खोली तापेल, पण ओव्याची धुरी द्यायला निखारेच लागतात. श्रियाच्या वेळी मेधाच्या खोलीत तो वास महिनाभर होता. त्यानं शेगडीकडे बोट दाखवलं.

घरी दार तन्मयनं उघडलं. “बाबा, प्लीज! तिनं बघायच्या आत मी परत देऊन येतो.”

पण श्रिया भिंतीला धरून बाहेर आलीच होती. तिनं शेगडी पाहिली.

“नको देऊस परत.”

“अगं, पण...”

“तन्मय, मी बाळंतीण आहे. दूध येतंय मला. तू सगळं उचलून नेलंस, जसं काही झालंच नाही. आय हॅड अ बेबी, तन्मय.”

तन्मय होता तिथेच खाली बसला. इतके दिवस धावपळ करणारा तो पोरगा पहिल्यांदाच हमसून रडला. श्रियानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

प्रबोधनं घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. कोळसे पेटायला वेळ लागला. त्यालाही सवय कुठे होती! निखारे फुलल्यावर त्यानं चिमूटभर ओवा टाकला आणि जुन्या धोतराची घडी तापवून लेकीच्या कंबरेला लावली. थोड्या वेळानं तन्मयनं हात पुढे केला. “द्या, मी करतो.”

श्रियानं डोळे मिटले होते. तशीच ती म्हणाली, “बाबा, बाळाला कसं शेकतात?”

टाळावं असं प्रबोधला वाटलं, पण त्यानं टाळलं नाही.

“आपले तळवे असे निखाऱ्यांवर धरायचे. मग आधी आपल्याच गालाला लावून बघायचे, चटका बसू नये म्हणून.”

“मग?”

“मग बाळाच्या पोटावर. मग कानशिलांवर, अगदी हळूच.”

श्रिया पुढे सरकली. तिनं दोन्ही तळवे शेगडीवर धरले, गालाला लावून पाहिले आणि मग ते गार होईपर्यंत तसेच समोर धरून ठेवले.