गेटावरचं डफडं

"भट्टी म्हंजे इमारत नाई, मावशी, यंत्र हाये. यंत्राले घरपट्टी लागत नाई. कायद्याच्या तिसऱ्या पोटकलमात हाये तसं," सिमेंट कंपनीच्या कर विभागातला प्रवीण समजावत होता. "धुराडंबी यंत्र. वरचं शेड म्हंजे यंत्राचं झाकन."

"अन् मायी चूल?" सरपंच बायनाबाईंनी विचारलं.

"चूल घरात आली."

"वा रे वा! तुयी भट्टी यंत्र अन् मायी चूल घर!"

ग्रामपंचायतीच्या ओसरीवरच्या बाया खदखदून हसल्या. बायनाबाई स्वतः हसल्या नाहीत. "हे पोटकलम घुसवलं कोनं?"

"मालकांच्या संघटनेनं निवेदन देल्लं होतं मुंबईले."

"पान्याच्या टाकीसाठी आमीबी देल्लं होतं. आमचं कोनत्या कलमात गेलं?"

प्रवीण याच गावचा, त्यांच्या अंगणात खेळून मोठा झालेला. त्यानं ठरावाचा कागद पुढं सरकवला. "पंचायतीनं मान्यता देल्ली की झालं. ठरावावर सही कर, मावशी. नाई त सरपंचकी जाईन तुयी. वरपर्यंत हात हायेत त्यांचे."

सही केली की कंपनी कायमची सुटणार, आणि टाकीसाठी खणलेला खड्डा खड्डाच राहणार. यंदाची पट्टी तर कंपनीनं आत्ताच अडवून धरली होती.

गावात पट्टी थकली की दारात डफडं वाजे. नवरा सोमाजी अंथरुणाला खिळला त्या वर्षी बाईंच्याही दारात वाजलं होतं. ती थाप अजून कानातून गेली नव्हती.

"मुखरू, डफडं घे. चाल कंपनीच्या गेटावर."

मुखरू शिपाई घुटमळला. "मायी पोरगी तिथीच कामाले हाये, बाई. मले नका सांगू."

"मंग आन इकडं."

बाईंनी डफडं घेतलं तशा ओसरीवरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेहून परतल्यावर त्यांच्या सासऱ्यांनी आपलं डफडं विहिरीत फेकलं होतं. तेव्हापासून त्या घरात कुणी त्याला शिवलं नव्हतं.

"मावशी, तू वाजवशीन?" प्रवीणनं विचारलं.

"बुढ्याले जबरीनं वाजवाले लावत होते, म्हून त्यानं फेकलं. मले कोनी लावून नाई राह्यलं."

सहीविना ठराव तिथंच राहिला. बाई चालू लागल्या.

त्या नवी नवरी होऊन आल्या तेव्हा आज गेट आहे तिथं मोहाची रांग होती. पहाटे साऱ्याजणी टोपल्या घेऊन फुलं वेचायच्या, एकमेकींच्या सासवांच्या नकला करायच्या. आता आत क्रशर घरघरत होता.

"कंपनीनं पट्टी भरली नाई होऽऽ!"

आवाज आत पोचला की नाही, कोण जाणे. पहारेकरी तेवढा बाहेर येऊन उभा राहिला.

डफड्याच्या कातड्यावर पांढरी धूळ बसत होती. थाप पडली की उडायची, पुन्हा बसायची. बाई पुन्हा थाप मारायच्या.