न कापलेला दोर

बाबांचा दोर दादाने मला न विचारता शाळेला देऊन टाकला, तिथून हे सगळं सुरू झालं. शाळा म्हणजे शहराच्या टोकाची लष्कराची गिर्यारोहण शाळा. कड्यावरून दोराने खाली कसं उतरायचं हे पोरांना शिकवण्यात बाबांचं उभं आयुष्य तिथे गेलं. ते गेल्यावर शाळेचे मेजरसाहेब भेटायला आले. उस्तादांची (शाळेत शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात) एखादी आठवण मिळाली तर फार बरं होईल म्हणाले, आणि दादा उठून थेट बाल्कनीत गेला. खुंटीवरचं दोराचं वेटोळं काढून त्याने त्यांच्या हातात दिलं. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. कप घेऊन बाहेर आले तोवर मेजरसाहेब डोळे पुसत होते आणि दोर गाडीत जाऊन बसला होता.

मला वाटलं, भिंतीवर लावतील. काचेची पेटी करतील, खाली पितळी पाटी. दुःखात लोक असं काहीतरी करतात, त्याला माझी ना नव्हती. पण पुढच्याच आठवड्यात दादाने हसतहसत सांगितलं की सरावाची नवी भिंत बांधून झाली आहे, तिला बाबांचं नाव देणार आहेत, आणि त्या भिंतीवरून पहिला माणूस उतरणार तो आमचा दादा. बाबांच्याच दोरावरून. त्याने होकार कळवलासुद्धा होता.

"तो दोर बाद आहे," मी म्हणाले.

"बाद असता तर बाबांनी कापला नसता का?" दादा म्हणाला.

हे वाक्य पुढे मी इतक्यांदा ऐकलं की नंतर ते कानावर पडताच माझ्या कानशिलात ठणका उठायचा. त्यात चूक काही नव्हती, हीच तर पंचाईत. दोर कधीतरी बाद होतोच. वरून पडणाऱ्या माणसाचा झटका त्याने एकदा झेलला की बाहेरून कितीही नवा दिसो, आतले धागे काय अवस्थेत आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. इतर उस्ताद अशा दोराच्या टोकाला लाल रंग फासत आणि कोपऱ्यात टाकत. बाबांचा रंगावर विश्वास नव्हता. रंग उडतो, कोपरा कोणीतरी आवरतं, आणि दोर पुन्हा कड्यावर जातो, असं ते म्हणत. म्हणून दोर बाद झाला की ते तिथेच, सगळ्या पोरांसमोर, चाकू काढून त्याचे हातभर लांबीचे तुकडे करत. हातभर दोराला कोणी लटकत नाही. वर्षानुवर्षं हे बघून शाळेत सगळ्यांच्या अंगात एक गोष्ट मुरली होती: उस्तादांच्या हाताखालचा वाईट दोर शिल्लक राहत नाही. त्याचं उलटं कोणी तपासून बघितलं नव्हतं. शिल्लक आहे, म्हणजे चांगला आहे.

आणि हा शिल्लक होता, कारण शेवटच्या वर्षी बाबांच्या हातात चाकू ठरत नव्हता.

हात थरथरायला लागले होते. आधी थोडे, मग इतके की आई त्यांना कप अर्धाच भरून द्यायची. शाळेत त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे आणि पोरांना म्हणायचे, मी हात लावणार नाही, गाठ तुम्ही बांधा, चुकली तर तोंडाने सांगीन. पोरांच्या गाठी खरंच सुधारल्या. आता त्या उभं राहण्याला शाळेत 'उस्तादांची पद्धत' म्हणतात. मेजरसाहेबांनी सगळ्या शिकवणाऱ्यांना सक्त सूचना दिली आहे की शिकाऊ गाठ बांधत असताना हात पाठीमागे. हे त्यांनी मला घरी बसून अभिमानाने सांगितलं तेव्हा मी आईकडे बघितलं. आई बिस्किटांची ताटली नीट लावत होती.

त्या काळात एका पोराचा पाय निसटला आणि या दोराने त्याला धरलं. पोराला काही झालं नाही. बाबांनी दोर गुपचूप गुंडाळून घरी आणला. शाळेत कापणं शक्य नव्हतं, सगळ्यांनी हात बघितले असते. बाल्कनीत वेताचा मोडा घेऊन बसले, चाकू काढला. मी दारात उभी होते. चाकू खाली पडला. त्यांनी उचलला, पुन्हा पडला. आईने येऊन तो उचलला आणि एक शब्द न बोलता आत नेला. मी म्हटलं, द्या, मी कापते. तर म्हणाले, माझा दोर मी कापीन, आज नाही तर उद्या. आणि थोड्या वेळाने, आई परत दारात आल्यावर, आमच्या दोघींकडे न बघता म्हणाले, शाळेत हे कळता कामा नये. आम्ही हो म्हणालो. नंतर दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या, आणि दोर खुंटीवर राहिला.

हे सगळं मी दादाला सांगितलं. एकदा फोनवर, एकदा समोर बसवून. दादा लांबच्या शहरात नोकरी करतो, शेवटच्या वर्षात दोनदाच येऊन गेला होता.

"माझ्याशी तर फोनवर ठणठणीत बोलायचे," तो म्हणाला.

"आवाज थरथरत नव्हता, दादा. हात थरथरत होते."

वयाने होतं थोडंफार, असं म्हणून त्याने विषय मिटवला. मला लहानपणापासून प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे, हेही ऐकवलं. शिवाय, म्हणाला, खाली एक माणूस दोर धरून उभा असतोच, आपण घसरलो तर तो ताणून थांबवतो. मी विचारलं, तो कुठला दोर धरून उभा असतो? दादा म्हणाला की त्याने साहेबांना शब्द दिला आहे.

आईनेही बाबांना शब्द दिला होता. काहीही करून दादाला थांबव, पण हातांचं काढू नकोस, एवढंच तिचं म्हणणं. ते न काढता कसं थांबवायचं हे तिने सांगितलं नाही. मी लंबूला फोन केला. लंबू म्हणजे बाबांचा सगळ्यात जुना शिष्य, आता त्यांच्या जागी मुख्य उस्ताद. दारातून आत येताना वाकायला लागतं म्हणून बाबांनीच ठेवलेलं नाव. दोर जुना आहे, मला भीती वाटते, असं मी त्याला म्हटलं. तो फार मायेने बोलला. वीतवीत चाचपून बघितलाय ताई, म्हणाला, कुठे ओरखडा नाही. "आणि उस्तादांनी कापला नाही ना, मग झालं की."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ नुसती भांडी घासत बसले. स्वच्छ होती ती.

कार्यक्रमाच्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं. नवी भिंत चार मजली घराएवढी, करडी, मागच्या बाजूने वर जायला लोखंडी जिना. समोर खुर्च्या मांडलेल्या. आई मेजरसाहेबांच्या शेजारी बसली. बाजूला शिकाऊ पोरं रांगेत उभी, सगळ्यांचे हात पाठीमागे. माझी वहिनी मोबाइल सरसावून पुढे. दादा वर पोहोचला होता, इस्त्रीच्या पँटवर पट्टे आवळून, पोट एका पट्ट्यावरून आणि दुसऱ्या पट्ट्याखालून बाहेर आलेलं. लंबू दोर अडकवत होता. मेजरसाहेबांनी बाबांवर बोलायला सुरुवात केली.

मी आईकडे वाकून म्हटलं, मी वर चालले. तिने माझं मनगट धरलं. मी ते सोडवलं नाही, तिनेच काही क्षणांनी सोडलं.

जिना चढून गेले तेव्हा दादा कठड्याजवळ उभा होता आणि खाली बघायचं टाळत होता. मला बघून वैतागला. आता काय, म्हणाला. मी त्याच्याकडे लक्ष न देता लंबूपुढे जाऊन उभी राहिले.

"बाबांनी हा दोर बाद केला होता," मी म्हटलं. "कापला नाही, कारण कापता येत नव्हता. त्यांचे हात थरथरत होते. वर्षभर. चाकू धरता येत नव्हता."

लंबू हसला, म्हणजे आपण नातेवाइकांच्या दुःखाकडे बघून हसतो तसा. "ताई, वर्षभर मी त्यांच्या शेजारी उभा होतो."

"हात कुठे होते त्यांचे?"

त्याने दोर अडकवायचं थांबवलं.

"शेवटची गाठ त्यांनी तुझ्यासमोर कधी बांधली ते आठव," मी म्हटलं.

खाली मेजरसाहेब शिस्तीबद्दल बोलत होते. लंबूने दोराकडे बघितलं, मग रांगेतल्या पोरांकडे. "एकदा एकाची गाठ धडधडीत चुकली होती," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं आता पुढे होऊन सोडवतील. नुसते ओरडत राहिले. घाम फुटला होता त्यांना." मग त्याने विचारलं, "याने कोणाला झेललं?"

मी सांगितलं. पोर त्याला आठवत होतं.

"हे सगळं तू मला नीट सांगायला हवं होतंस," दादा मध्येच म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"दोनदा सांगितलं."

"असं नव्हतं सांगितलंस."

लंबूने दादाच्या पट्ट्यातून दोर काढला, त्याला खांद्याला धरून भिंतीच्या कडेपासून मागे घेतलं, आणि कमरेचा चाकू काढून दोर कापायला बसला. तुकडे एकापाठोपाठ एक फरशीवर पडायला लागले. खाली भाषण अडखळलं. मेजरसाहेबांनी मान वर करून विचारलं, काय चाललंय.

"दोर बाद आहे, साहेब," लंबू वरून ओरडला.

"बाद? कोणी केला?"

"उस्तादांनी."

मेजरसाहेब पुढे काही विचारणार होते, पण त्या नावाला उलटा प्रश्न करायची शाळेत कोणाला सवय नव्हती, त्यांनाही नाही. त्यांनी मान हलवली आणि नवा दोर आणायला माणूस पिटाळला.

मी खाली येऊन आईशेजारी बसले. तिने समोर बघतच विचारलं, कोणकोण होतं वर. मी म्हटलं, दादा आणि लंबू.

"ह्यांना आवडलं नसतं," ती म्हणाली.

"नसतंच आवडलं."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. नवा दोर लागला. दादा पाठमोरा कडेवर येऊन उभा राहिला आणि तिथेच अडला. मागे झुकायचं त्याला जमेना. उस्तादांचा मुलगा, म्हणून कोणी काही बोलेना. मेजरसाहेब बुटांकडे बघत होते, पोरं आकाशाकडे, वहिनीने मोबाइल खाली केला होता.

"अगं, सांग त्याला," आई म्हणाली. "पडेल तो तसाच उभा राहिला तर."

"दादा," मी ओरडले, "भिंतीला मिठी मारू नकोस. मागे बस. खुर्चीत बसतात तसा बस."

"बसतोय ना," तो वरून खेकसला, आणि बसला.