चोराला पाय नव्हते

मित्रांनो, मी जुनी तुंबडी आहे. पोकळ असले तरी मला हलकी समजू नका. पोशेरा गावातल्या गौराआजीच्या परसात मी भोपळ्याच्या वेलावर वाढले. वाळल्यावर आजीनं मला कोरलं आणि नाचणीचं बियाणं राखेत मिसळून माझ्यात भरलं. वीस वर्षं एका दाण्याला कीड लागू दिली नाही मी. एकदा बुडाला भोक पडलं होतं, ते आजीनं मेणानं बुजवलं. एवढंच काय ते माझं दुखणं.

मला चुलीवरच्या धुरात टांगलेलं असे. माझ्याखाली एक इरलं उलटं लोंबत होतं. गावात प्लास्टिकचे कागद आले, तेव्हापासून पावसात बांबू-पानांचं इरलं कोण घेतो? मी त्याला रोज टोमणे मारायची, की मी कामाची आहे, तू नुसता भार.

त्या साली पेरणीला आठ दिवस उरले होते. आजीनं माझ्यात काडी घालून पाहिली, तर बियाणं अर्ध्यावर! घरात दुसरं बियाणं नव्हतं. उंदीर म्हणावा तर माझं तोंड बांधलेलं. तेवढ्यात आजीला आठवलं, सून चैतीचा भाऊ ढवळू परवाच तिच्या माहेराहून, साखरशेतहून, येऊन गाठोडं घेऊन गेला होता. आजी सुनेला काही बोलली नाही. अंगणातल्या कोंबडीला म्हणाली, "खा गं बाई, थोडं तुझ्या माहेरीपण पोचव."

चैतीनं हातातली भाकर खाली ठेवली. "उद्या मी माहेरी जाते. भावाचं गाठोडं तुम्हीच येऊन सोडून बघा."

खोटं कशाला सांगू, मीही आजीच्याच बाजूची होते.

नात रुपी आश्रमशाळेतून सुट्टीला आली होती. शाळेच्या पुस्तकपेटीतल्या सगळ्या रहस्यकथा तिनं वाचून संपवलेल्या. आई जाणार म्हणून तिचे डोळे भरले, पण हात थांबले नाहीत. तिनं चुलीभोवतीच्या जमिनीवर राख चाळून पसरली, सगळ्यांना शेतावर पिटाळलं आणि दाराला कडी घातली.

दुपारी दार उघडलं. राखेत एक पाऊल नाही, उंदराचं नाही की माणसाचं. काडी घातली, तर बियाणं आणखी बोटभर खाली!

"आजी, चोराला पायच नाहीत."

"मग काय उडत आला?"

"नाही, टांगलेला आहे," म्हणत रुपी उखळावर चढली आणि तिनं इरल्याची कड ओढली. सर्रकन नाचणी तिच्या डोक्यावर!

सापडला मेला! मला हात असते तर टाळ्या पिटल्या असत्या. पण रुपीनं माझ्या बुडाला बोट लावलं, आणि बोट आत गेलं. चुलीच्या उबेनं मेण वितळलं होतं. रोज टिक टिक ऐकू यायचं, तेव्हा मी पालीला शिव्या घालायची. गळत होते मीच. आणि ज्याला भार म्हटलं, त्यानं दाणा न् दाणा झेलला होता.

आजीनं इरलं अलगद खाली काढलं. मग तिनं बियाणं सुपात भरलं आणि सूप चैतीच्या हातात दिलं. "यंदा पहिली मूठ तू टाक." आजवर पहिली मूठ आजीनं कुणाला टाकू दिली नव्हती. चैतीनं माहेरी जायला बांधलेलं आपलं गाठोडं सोडलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकू नका, पण भरण्याआधी त्या उलट्या करून बघत जा. आणि घरात माझ्यासारखी तोंडाळ कोणी असेल, तर आधी तिलाच उलटी करा.